विंडोज १० वरून ११ वर गेलात? काय चाललं, काय बंद पडलं ते लिहा

मंडळी, दिवाळी उरकली, आता तुमचे अनुभव पाहिजेत. मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका हार्डवेअरच्या दुकानात हिशोब बघतो, हार्डवेअर म्हणजे खिळे, बिजागऱ्या, पत्रे, कॉम्प्युटरचं नव्हे, हे आधीच सांगतो नायतर लोक मलाच उलटं विचारतील. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मालक रोज विचारतात "अकरा टाकायचं का?" आणि मी रोज "बघू उद्या" म्हणतो. विंडोज चालंल हो, पण त्याला चिकटलेलं बाकीचं चालंल का? बिलाचा प्रिंटर, बारकोड स्कॅनर, स्टॉकचं जुनं सॉफ्टवेअर. कसं टाकायचं ते सगळे सांगतात, टाकल्यावर दुसऱ्या दिवशी शटर उघडल्यावर काय झालं ते कुणी सांगत नाही. ते लिहा. लिनक्स घ्या म्हणणाऱ्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

दूधवाला, कोरेगाव तालुका

मी सांगतो शटर उघडल्यावर काय झालं. आमचं दूध संकलन केंद्र आहे. वजनकाटा आणि फॅट मशीन, दोन्ही जुन्या सीरियल पोर्टवाली, म्हणून मधे यूएसबी कन्व्हर्टरची केबल लावलीय. रात्री जेवल्यावर अपडेटला लावलं, अकराला झालं, दिसायला लई भारी, झोपलो. पहाटे साडेपाचला किटल्यांची लाईन लागली आणि स्क्रीनवर फॅट येईना, वजन येईना, नुसता शून्य. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर केबलवर पिवळा त्रिकोण आणि शेजारी चक्क लिहिलेलं की आतली चिप २०१२ पासून बंद केलीय, विकणाऱ्याशी बोला. विकणारा काय पहाटे साडेपाचला बोलणार? अण्णांनी काही न बोलता कपाटातनं जुनी वही काढली आणि मशीनवरचा आकडा बघून हातानं लिहायला बसले. ते न बोलणं जास्त लागलं.

दुपारी उलगडा झाला. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला केबलशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्रॅम, तो नवीन आला की जुन्या चिपला ओळखतच नाही. ड्रायव्हर अपडेटमधे जाऊन "यादीतून मी निवडतो" म्हणायचं आणि जुनी आवृत्ती निवडायची, की त्रिकोण जातो. गेला. तरी फॅट येईना! कारण पोर्टचा नंबर बदललेला, आधी कॉम ३ होता तो कॉम ७ झालेला आणि आमचं सॉफ्टवेअर चारच्या पुढं बघतच नाही. पोर्टच्या ॲडव्हान्स सेटिंगमधे परत ३ केला तवा कुठं संध्याकाळचं दूध कॉम्प्युटरवर घेतलं. पण आठवड्यात विंडोजनं आपलं आपणच परत नवीन ड्रायव्हर ओढला. मग सरळ वेगळ्या चिपची नवी केबल आणली, तेव्हापासून शांत आहे. अण्णांची वही मात्र टेबलावरच असते आता.

गावभाग डीटीपी, सांगली

आमच्याकडं लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अहवाल, दशक्रियेची कार्डं. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर पंचवीस वर्षांपूर्वीचं, त्याला मागं प्रिंटरच्या पोर्टात बसणारं डोंगल लागतं, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्लीच. नवीन मशीनला तो पोर्टच नाही, आणि डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा, अकरा फक्त ६४ बिटमधे येतं, म्हणजे विषयच संपला.

लोक म्हणतात युनिकोडला या, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसतं. अहो आलोय, नवीन काम सगळं युनिकोडमधेच करतो. पण वीस वर्षांच्या फायली जुन्या फॉन्टात आहेत, त्या दुसरीकडं उघडल्या की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कन्व्हर्टर आहेत, पण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि रफार नंतर, त्यामुळं बदलताना नेमक्या ह्या दोन ठिकाणी घोळ होतो. "कीर्ती" ची काय दशा होते ते वधूपित्याला दाखवून बघा एकदा. म्हणून विंडोज ७ चा डबा तसाच ठेवलाय, नेटची वायर काढून, फाइल पेनड्राइव्हनं ने-आण. २०१९ च्या पुरात दुकानातलं सगळं सोडून पहिल्यांदा तोच वर उचलला होता.

सगळं ओके

सहा वर्षांचा लॅपटॉप, टॅली, एक्सेल, लेझर प्रिंटर. तासाभरात झालं, काय सुद्धा बंद पडलं नाही. असेही लोक असतात हे कळावं म्हणून लिहिलं.

हळद अडत, मार्केट यार्ड सांगली

आमचा प्रोग्रॅम डॉसमधला, फॉक्सप्रोचा. ज्यानं लिहिला तो माणूस कधीच पुण्याला गेला. शेतकऱ्याची पट्टी, तोलाई, हमाली, सगळं त्यातच, आणि दिवाणजींची बोटं त्या कीबोर्डवर न बघता पळतात. विंडोज १० चं ३२ बिट टाकून आजवर चालवला. ६४ बिटवर १६ बिटचा प्रोग्रॅम उघडतच नाही, "हे ॲप ह्या पीसीवर चालणार नाही" एवढं एक वाक्य येतं आणि खेळ खलास.

पोरानं डॉसबॉक्समधे, म्हणजे नव्या विंडोजमधे जुनं डॉस उभं करणाऱ्या प्रोग्रॅममधे, चालवून दाखवला. चालला की! निळा स्क्रीन, सगळं जसंच्या तसं. दिवाणजी खूश. मग पट्टी छापायला गेले आणि डॉट मॅट्रिक्स गप्प. साध्या डॉसबॉक्सला प्रिंटरचा पोर्ट माहीतच नाही म्हणे, त्याचाच एक वाढीव भाऊ आहे डॉसबॉक्स-एक्स, त्यात छपाईची सोय आहे. ते बसवण्यात दोन दिवस गेले. सौदे चालू असते तर शेतकऱ्यांनी आम्हालाच तोलला असता. डेटा काढून नवीन सॉफ्टवेअर करायला टाकलंय, दिवाणजी अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

टोकनवाली, सातारा

कर सल्लागाराकडं काम करते. अपडेटनंतर डिजिटल सहीचं टोकन ओळखेना. विंडोज सिक्युरिटीत "मेमरी इंटिग्रिटी" म्हणून प्रकार आहे, तो जुने ड्रायव्हर अडवतो. सगळे सांगतात ते बंद करा. आमच्या सरांनी नाही करू दिलं, आणि बरोबर केलं, लोकांच्या सह्या त्यात असतात. टोकनचा नवीन ड्रायव्हर घातला, दहा मिनिटांत सुरू.

कराडकर

भाचीचा लॅपटॉप. अकरा चालेल का बघायला बायोसमधे (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमधे) जाऊन टीपीएमच्या, म्हणजे अकराला लागणाऱ्या सुरक्षा चिपच्या, सेटिंगला हात लावला, इंटेलच्या बायोसमधे ते पीटीटी नावानं असतं. पुन्हा चालू केला तर निळा पडदा, बिटलॉकरची (डिस्कला लागणाऱ्या कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की द्या. कसली की? आम्ही कधी कुलूपच लावलं नव्हतं! मग समजलं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॅपटॉप सेट केला की बऱ्याचदा एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि की त्या अकाउंटला जाऊन बसते. पण भाचीच्या अकाउंटला काहीच नाही. शेवटी आठवलं, घेताना दुकानातल्या पोरानं "मी करून देतो ताई" म्हणून स्वतःच्याच ईमेलनं चालू करून दिलेला. त्याला शोधून काढला, बिचाऱ्यानं फोनवर सगळे आकडे वाचून दाखवले. असे किती लॅपटॉप त्याच्या खात्यावर असतील देव जाणे.

मिरज रेकॉर्डिंग

विंडोज नाही, मॅक, पण दुखणं तेच. २०१९ ला मॅकची नवी आवृत्ती कॅटालिना आली, त्यात ३२ बिट ॲप पूर्ण बंद. सतारीच्या रेकॉर्डिंगला वापरायचो ते रिव्हर्बचं प्लगइन एका रात्रीत गेलं. जुन्या मोहावेवर परत आलो आणि दोन वर्षं हललो नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, कराडकरांचं वाचून आधी दुकानाचा पीसी कुणाच्या ईमेलवर आहे ते बघितलं. मालकांच्या मेहुण्यांच्या. असो.

एक भर माझ्याकडनं. अपडेट केल्यावर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून परत मागं जाता येतं, पण विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर जागेवर पाहिजे. माझ्या मित्रानं जागा कमी पडते म्हणून तिसऱ्याच दिवशी डिस्क क्लीनअप मारलं आणि पाचव्या दिवशी परत जायची आठवण झाली.

आणि आमच्या दुकानाचा निकाल लागला. पीसी इंटेलच्या सहाव्या पिढीचा निघाला, अकराला आठवी पिढी लागते. म्हणजे इतके दिवस "बघू उद्या" म्हणत होतो त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडला तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट फुकट मिळतात, ते घेतले, मेहुण्यांचं खातं काढून मालकांच्या नावानं. दूधवाले, तुमच्या त्या नव्या केबलचा फोटो टाका ना, आमचा स्कॅनर पण सीरियलचाच आहे.