सीओईपी आणि स्थापत्यच का

या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की सीईटीत पर्सेंटाइल चांगला असताना स्थापत्य (सिव्हिल) शाखा घेणं म्हणजे जागा वाया घालवणं. मला अजिबात पटलं नाही. मला पुण्याच्या सीओईपीत, म्हणजे तिथल्या जुन्या अभियांत्रिकी संस्थेत, स्थापत्यच हवंय.

कारण पाणी. आमचं गाव कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे. आवर्तन (कालव्याला ठरावीक काळाने सोडलेलं पाणी) सुटलं तरी आमच्या चारीला, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या छोट्या फाट्याला, पाणी पोचेलच याचा भरवसा नाही. लोक नशिबाला बोल लावतात, मला त्यात उतार, गळती आणि दारांचं गणित दिसतं. १८५४ मध्ये ही संस्था निघालीच बांधकाम खात्यासाठी माणसं घडवायला. थोर अभियंते विश्वेश्वरय्या इथेच शिकले. १९०३ मध्ये पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर त्यांची स्वयंचलित दारं बसली. पाणी ठरावीक पातळीवर गेलं की ती आपोआप उघडत. भिंत न वाढवता साठा वाढला! त्याच खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, जिथे धरणांच्या प्रतिकृतींवर पाणी सोडून तपासणी होते. पाण्याचं काम शिकायला याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.

कॅप फेरीत (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) पहिला पर्याय हाच भरणार. जलसंपदा विभागात काम केलेलं कुणी असेल तर पहिल्या वर्षापासून काय वाचावं, ते नक्की सांगा.