शब्दचर्चा: आपल्याच गाजलेल्या कामाला नावं ठेवणाऱ्याला काय म्हणायचं?

दुधनाकाठ (सेलू)

मंडळी, एका शब्दापायी आठ दिवस अडून बसलोय. एका छोट्या दिवाळी अंकासाठी व्हिडिओ गेमांवर लेख लिहायलोय. विषय असा, की जगानं डोक्यावर घेतलेल्या खेळांचे कर्तेच त्या खेळांवर कसे तुटून पडतात.

उदाहरण देतो. केन लेव्हिनचा ‘बायोशॉक’ २००७ साली आला. समुद्राच्या तळाशी वसवलेलं आणि सडत चाललेलं शहर, आणि मध्यावर अशी कलाटणी की खेळणारा हातातला कंट्रोलर खाली ठेवून बघत बसतो. समीक्षकांच्या गुणांची सरासरी शंभरापैकी ९६. आता हा लेव्हिन स्वतः काय म्हणतो, तर शेवटची, फाँटेन या खलनायकाबरोबरची मारामारी टुकार झाली, आम्हाला त्याहून बरं काही सुचलंच नाही. हे तो लाजत-बिजत म्हणत नाही. गवंडी दुसऱ्यानं बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावून बघतो ना, तसं.

मी लिहिलं, ‘लेव्हिनची आत्मटीका’. संपादकांनी कागद परत धाडला आणि शेजारी शेरा: ‘हा माणूस संन्यास घ्यायलाय का?’ आत्मपरीक्षण, आत्मनिंदा, आत्मक्लेश सगळं घालून बघितलं. सगळ्याला राजकारणाचा नाहीतर उपोषणाचा वास येतो. साधा, बोलण्यातला शब्द हवाय.

निवृत्त मास्तर (नांदेड)

तुमच्या संपादकांचं बरोबर आहे. ‘आत्म’ लागलं की मराठीत मामला एकदम नीतीचा होतो. आत्मपरीक्षण पक्ष करतात, तेही निवडणूक हरल्यावर. जिंकल्यावर कुणी केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. तुमचा लेव्हिन तर जिंकलेला आहे.

दोष काढायला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. नावं ठेवणे, खोड काढणे, खुसपट काढणे, उणीदुणी काढणे. पण वाक्यात घालून बघा. ‘शेजारणीची उणीदुणी काढते’ हे कानाला बरोबर वाटतं. ‘स्वतःची उणीदुणी काढते’ म्हटलं की वाक्य लंगडतं. ही सगळी क्रियापदं दुसऱ्याच्या घराकडं तोंड करून उभी आहेत. ‘नाव ठेवणे’ एकवचनात असलं की बारसं आणि अनेकवचनात गेलं की निंदा, ही गंमत आहेच. तुमच्या लेखातली माणसं आपल्या लेकराची दोन्ही करतात, एवढं फार तर शीर्षकात खेळवता येईल.

बालाघाट (मूळचा बीडचा, सध्या पुण्यात आयटीत)

सर, आपल्याकडं स्वतःच्या वस्तूला कमी लेखायची पद्धत तर घरोघरी आहे की. हुरड्याला बोलावतात, आगटीभोवती बसवतात, गरम कणसं चोळून हातावर देतात आणि वर म्हणतात, ‘यंदा जरा जरठच झालाय हो, आठ दिवस आधी यायचं तुम्ही.’ हुरडा लोण्यासारखा असतो. जेवायला बसलं की ‘काही विशेष नाही, गोड मानून घ्या’, आणि ताटात जागा नसते. हे चालणार नाही का? ‘गोड मानून घ्या म्हणणारे गेमकर्ते’?

निवृत्त मास्तर (नांदेड)

नाही चालणार. तो विनय आहे, आणि विनयाला समोरून नकार अपेक्षित असतो. ‘छे छे, फक्कड झालाय’ असं पाहुण्यानं म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर यजमान वर्षभर बोलत नाही. ही चाल जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ‘न्यून तें पुरतें, अधिक तें सरतें’ करून घ्या अशी श्रोत्यांना विनवणी आहे. कमी असेल ते पुरं करून घ्या, जास्त झालं असेल ते सोडून द्या. फार सुंदर आहे, पण ते ग्रंथ सुरू होतानाचं बोलणं आहे, आणि न्यून नेमकं कुठं आहे हे त्यात सांगितलेलं नाही. लेव्हिन बोट ठेवून जागा दाखवतोय. त्यातही दाद मिळून गेल्यावर.

दखनी (छत्रपती संभाजीनगर)

आमच्या गल्लीत याला सरळ ‘ऐब काढणं’ म्हणतात. ‘क्या ऐबां निकालते बैठे जी’ हे मी लहानपणापासून ऐकतोय. पण मास्तरांचा मुद्दा इथंही लागू आहे, ऐबसुद्धा दुसऱ्याचीच निघते.

त्यापेक्षा ‘कसर’ बघा. शब्द अरबीतून आलेला, मुळात मोडणं, तुकडा, अपूर्णांक असा अर्थ. मराठीत येऊन कमतरता झाला. (कपडे खाणारी कसर निराळी, तिचं इथं काम नाही.) कसर नेहमी ‘राहते’ किंवा कुणी ती ‘सोडत नाही’ किंवा मागाहून ‘भरून काढतो’. म्हणजे कसर म्हणायला आधी पुरं माप ठाऊक पाहिजे. शेरभर घालायचं होतं, पाऊण शेरच पडलं, हे मोजणाऱ्यालाच कळतं. गिऱ्हाइकाला पाऊण शेरही पुष्कळ वाटतं. तुमच्या कर्त्यांचं हेच आहे ना? त्यांच्या डोक्यातलं माप आपण बघितलेलंच नाही.

दुधनाकाठ (सेलू)

दखनीभाई, हे आवडलं. लगेच एका उदाहरणावर घासून बघतो.

‘झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम’, १९९८. समीक्षकांच्या गुणांची सरासरी ९९, याच्या वर दुसरा खेळ नाही. त्यातली देवळं, तळघरं, कोडी रचणाऱ्यांत एजी आओनुमा होते. एक जलमंदिर आहे. पाण्याची पातळी वरखाली करत पुढं जायचं, तळाशी उतरायचं तर लोखंडी बूट घालायचे, वर यायचं तर काढायचे. हे बूट घालायला दर वेळी खेळ थांबवून यादी उघडावी लागायची. घाल, काढ, घाल, काढ. लोक खेळावर फिदा आणि त्या बुटांवर वैतागलेले. आओनुमांनी पुढं स्वतःच याबद्दल जाहीरपणे वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि २०११ साली छोट्या थ्रीडीएस यंत्रावर तोच खेळ नव्यानं आला तेव्हा बूट एका स्पर्शावर आणले. १३ वर्षांनी.

‘बुटांत राहिलेली कसर आओनुमांनी १३ वर्षांनी भरून काढली.’ बसतंय. अगदी फिट.

पण लेव्हिनला लावलं की सैल पडतं. ‘शेवटच्या लढतीत कसर राहिली’ म्हटलं की वाटतं थोडं मीठ कमी पडलं. तो तर म्हणतोय सगळी भाजीच करपली.

बालाघाट

मग ‘रुखरुख’? आओनुमांना १३ वर्षं रुखरुखच लागून राहिली असणार. नाहीतर खंत, सल, हळहळ, चुटपुट. मला तर सगळे एकच वाटतात, खरं सांगतो.

निवृत्त मास्तर (नांदेड)

एकच कसे, बालाघाट? वर्गात असता तर बाकावर उभं केलं असतं.

हळहळ दुसऱ्याच्या नुकसानीची. विहिरीत बैल पडला की गाव हळहळतं. पेपरात ‘हळहळ व्यक्त होत आहे’ छापतात ते त्यामुळंच. खंत मोठ्या माणसांची, ती व्यासपीठावरून व्यक्त करता येते, आणि व्यक्त केल्यावर चहा घेता येतो. चुटपुट लहान आणि ताजी असते. एसटी डोळ्यांदेखत सुटली, पाहुणा न भेटता गेला, दोन दिवस चुटपुट लागते आणि जाते. सल आत रुतलेला असतो, एरवी शांत, हात लागला की ठणकतो. टोचणीला अपराधाचा वास आहे.

रुखरुख यातली सगळ्यात आतली. ‘लागून राहते’ हे तिचं क्रियापद बघा. ‘रुखरुख व्यक्त केली’ असं तुम्ही कधी वाचलंय? मी नाही. तिला माइक चालत नाही. आओनुमांना आत जे होत होतं त्याला रुखरुख म्हणा, खुशाल म्हणा. पण मुलाखतीत बोलून दाखवलं की ती क्रिया वेगळी झाली. तुमच्या लेखाला त्या बोलण्याचा शब्द हवाय. आतल्या भावनेचा पुरणार नाही.

खापर (धाराशिव जिल्हा, तेरच्या बाजूला)

इतका वेळ नुसती वाचत होते. आमच्या भागात हा विषय निघाला आणि गोरोबाकाकांचं नाव निघालं नाही असं कसं होईल? संतमेळ्यात थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं, आणि नामदेवांची पाळी आली तेव्हा मडकं कच्चं निघालं. नामदेव रुसले, आणि पुढं औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण ‘कच्चं मडकं’ आपण अजूनही दुसऱ्यालाच म्हणतो, स्वतःला नाही.

मला सांगायचंय ते निराळं. आमच्या बाजारात एक कुंभारकाका बसतात. रांजण, घागरी मांडता मांडता प्रत्येकीवर बोटाची गाठ मारत जातात. एकदा मी उचललेली घागर त्यांनी हातातून काढून मागं ठेवली. मला तर कुठं चीर दिसेना. म्हटलं, काका चांगली आहे की. म्हणाले, ‘वाजंना गेली ती.’ एवढंच. लाज नाही, माफी नाही, ‘गोड मानून घ्या’ नाही. दुसरी घागर दिली.

तुमचा तो लेव्हिन हेच करतोय असं मला वाटलं. फक्त त्याची घागर लाखो लोकांनी आधीच घरी नेलीय.

दखनी

वा, खापरताई. ‘वाजंना गेली.’ याच्यापुढं माझी कसर वाणसामानाची वाटायला लागली.

दुधनाकाठ (सेलू)

ताई, हे लेखात घेतो, तुमच्या परवानगीनं. पण गंमत बघा, काका ‘मी घागर बिघडवली’ म्हणाले नाहीत. घागर ‘वाजंना’. मग मी आपल्या बोलण्यातली बाकीची वाक्यं आठवायला बसलो. पुरणपोळी फसली. डाव फसला. रंग बसला नाही. लेख जमला नाही. सगळीकडं वस्तूच कर्ता, माणूस गायब. ‘लेव्हिनची लढत फसली’ हे वाक्य छान आहे, पण त्यात लेव्हिन सुटतो. आणि त्याला पकडायला जावं तर ‘लेव्हिननं लढत फसवली’, म्हणजे एकदम चारशेवीसच.

निवृत्त मास्तर (नांदेड)

आता तुम्ही खऱ्या जागेवर आलात. मराठीला यावर एक उपाय ठाऊक आहे आणि तो नामात नाही, विभक्तीत आहे. ‘मला जमलं नाही.’ ‘मला साधलं नाही.’ चतुर्थी. वस्तू कर्त्याच्या जागी राहते, पण ‘मला’ म्हणून माणूस वाक्यात हजर होतो आणि जबाबदारी घेतो. रडत नाही, छाती पिटत नाही. गाणारा म्हणतो, आज सूर साधला नाही. श्रोते टाळ्या वाजवत असतात तेव्हाच म्हणतो.

जमणे आणि साधणे यांतही फरक करा. पोहणं जमत नाही म्हणजे येतच नाही. साधलं नाही म्हणजे येतं, केलं, आणि नेम चुकला. साधण्यात नेम आहे. ‘वेळ साधली’, ‘डाव साधला’. लेव्हिनला लढती येतात. ही साधली नाही.

एवढे दिवस तुम्ही नाम शोधत होता. इंग्रजीत नाम असतं म्हणून मराठीतही असलंच पाहिजे, हा हट्ट कशाला?

बालाघाट

सर, मानलं. बाकावर उभा राहून टाळ्या वाजवतोय.

एक भर घालतो. रॉन गिल्बर्टचा ‘मॅनियॅक मॅन्शन’ १९८७ चा. त्यात तुम्ही एखादी वस्तू चुकीच्या जागी वापरून टाकली की पुढं खेळ जिंकणंच अशक्य व्हायचं, आणि हे तुम्हाला तासाभरानं कळायचं. लोकांना तरी तो आवडला. गिल्बर्टनं १९८९ मध्ये असल्या साहसखेळांचं नेमकं काय चुकतं यावर एक खरमरीत लेखच लिहिला, आणि त्याच्या काठीचे फटके त्याच्या स्वतःच्या खेळालाही बसले. १९९० ला ‘मंकी आयलंड’ आला, त्यात ती कोंडी काढून टाकलेली. याला नुसतं ‘साधलं नाही’ म्हणणं कमी पडेल. हा तर ‘नाही साधलं, का नाही साधलं, आता बघा’ असा माणूस.

आणि त्या ‘फ्लॅपी बर्ड’वाल्याला यात घालू नका. व्हिएतनामचा डोंग गुयेन. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यानं ऐन भरात आपला खेळ दुकानातून काढून घेतला, आता मला तो आवडतच नाही म्हणाला. पण त्याची तक्रार खेळाच्या घडणीवर नव्हती. त्या खेळानं त्याचं साधं जगणं नासवलं, ही होती. त्याला आपल्याकडं स्वच्छ शब्द आहे, ‘वीट आला’.

खापर

वीट बरोबर. उबग नाही, उबग दुसऱ्याचा जास्त येतो.

दुधनाकाठ (सेलू)

गुयेन काढला. संपादकांना शीर्षक धाडलंय: ‘मला साधलं नाही’. आत आओनुमांना कसर, गिल्बर्टला तुमची काठी, लेव्हिनला कुंभारकाकांची घागर. शेतीच्या त्या ‘स्टारड्यू व्हॅली’वाल्या एरिक बॅरोनला कुठं बसवू कळेना. साडेचार वर्षं एकट्यानं खेळ केला, माणसांचे चेहरे काढले, परत काढले, परत परत काढले. २०१६ ला बाहेर आला तरी अजून त्यात हात घालतोच आहे.

दखनी

त्याला काही बसवू नका. तो अजून उभा आहे, माप घालतोय.

बालाघाट

एक विचारायचं राहिलं. दुधनाकाठ, तुम्ही पहिल्या ओळीतच ‘गेमांवर’ लिहिलंय आणि नंतर सगळीकडं ‘खेळ’ म्हणून सटकलात. मुळात तो गेम का ती गेम? आमच्या खोलीत बीडचे दोघं ‘ती गेम’ म्हणतात, लातूरचा ‘तो गेम’ म्हणतो, आणि अनेकवचनाला तिघांची तीन तोंडं.

निवृत्त मास्तर (नांदेड)

वेगळा धागा काढा. इथं नको.