श्वास लाटेवर घ्यावा की मोजून?

दापोलीकरीण : ताण कमी करायला संथ श्वसन शिकवताना श्वास मोजायला मोबाइलची टिकटिक कशाला? किनाऱ्यावरच्या माणसाने लाटेवर श्वास घ्यावा. चढताना पूरक (श्वास आत), ओसरताना रेचक (श्वास बाहेर).

मालवणी माणूस : कल्पना गोड, हिशेब कच्चा. गाठायचे असतात मिनिटाला साधारण ६ श्वास, म्हणजे ४ सेकंद आत, ६ बाहेर. या गतीला श्वासाबरोबरचा नाडीचा चढउतार ठळक होतो. मनगटावर बोटं ठेवा, लांब रेचकात ठोके विरळ झालेले कळतात. आता लाटा मोजा. पावसाळी उधाणात १० सेकंदांच्या आसपास येतील. पण एप्रिलच्या दुपारी खारा वारा सुटला की बारक्या लाटा ४-५ सेकंदांनी. त्या तालावर मिनिटाला १२-१५ श्वास, म्हणजे रोजच्याइतकेच. वर ते खोल घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. लोक त्यालाच ‘ऊर्जा’ म्हणतात!

दापोलीकरीण : आणि आकडे मोजताना ज्यांना धाप लागते, त्यांचं काय?

मालवणी माणूस : धाप आकड्यांनी नाही लागत, खांदे उचलून छाती फुगवल्याने लागते. हात बेंबीवर ठेवा, श्वास नाकाने, पोट हाताला जेमतेम ढकलेल इतकाच. आधी ३ आत, ४ बाहेर मोजा, जमलं की ४-६. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, सध्या नकोच. दमेकऱ्याची छाती वाजत असेल तर आधी पंप (इनहेलर).

वेंगुर्ल्याहून : लाट नको, घड्याळही नको, जप करा. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय की लॅटिन जपमाळ काय नि ‘ॐ मणि पद्मे हुं’ काय, दोन्हींनी श्वास मिनिटाला ६ च्या जवळ येतो. आमच्याकडे देऊळ आणि चर्च दोन्ही आहेत, सोय झाली. गणपतीतली आरती मात्र धरू नका. झांजा चढल्या की एका ओळीत दोनदा श्वास तुटतो.

मिरकरवाडा : जून-जुलैची मासेमारीबंदी, होडी वर ओढलेली, कर्जाचा हप्ता चालूच. त्या माणसाला ४-६ शिकवणार? हप्ता श्वासाने फिटत नाही.

मालवणी माणूस : नाहीच फिटत. पण रात्री दोनला छाती धडधडते तेव्हा बँकही उघडी नसते. तेवढ्या वेळेपुरतं हे. दुखणं छातीतून हातात किंवा जबड्यात जात असेल तर मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

दापोलीकरीण : म्हणजे उधाणात माझी लाट चालते, हे तुम्हीच कबूल केलंत. एप्रिलपुरतं मोजू.