पखवाज, कीर्तन आणि कलम १२३
निवडणुकीतला पखवाजी उमेदवार कीर्तनाला उभा राहिला की मतं आपोआप मागे येतात, असं म्हणतात; ते अर्धंच पटतं. धुमेवरची, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडावरची, कणीक वाळून आवाज चढला तर पाण्याचा हात फिरवून उतरवता येतो. निरूपणाच्या भरात तोंडून गेलेलं परत येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावाने मत मागणं म्हणजे भ्रष्ट आचरण. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तर त्यात मतदाराचाही धर्म आला. निवडणुकीच्या निकालापासून ४५ दिवसांत याचिका दाखल होऊन सिद्ध झालं, तर जिंकलेली जागाही जाते. पंढरपूरकडच्या सप्त्यात कीर्तन रंगतं रात्री नऊनंतर, आणि प्रचाराचा भोंगा दहालाच बंद! शिवाय सोलापूर लोकसभा २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव. तिथे टाळकऱ्यांआधी जातीचा दाखला लागतो.