पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय, मेकॅनिक म्हणतो रॅकच बदला. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी सात सीटर डिझेल, २०१० ची, १ लाख ६८ हजार किमी झालेली. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर "ही घेतलीच कशाला" इथूनच धागा सुरू होतो. राहायला चिपळूणला, आठवड्यातून एकदा कुंभार्ली घाट चढून कराडला फेरी असते. स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं, हायड्रॉलिक: बेल्टवर फिरणारा पंप, वर ऑइलची डबी, दोन पाइप आणि खाली रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग).

तीन आठवड्यांपूर्वी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा लाल डाग दिसला. आईला वाटलं कुणी पान खाऊन थुंकलंय, त्यावरून वॉचमनकाकांना उगाच बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा डाग. बोट लावलं तर पातळ, बुळबुळीत. इंजिन ऑइल असतं तर काळंकुट्ट असतं, आणि एसीचं पाणी काही लाल नसतं. डबी उघडली, पातळी खालच्या खुणेच्याही खाली. तेव्हापासून आठवड्याला जेमतेम एक कप ऑइल भरतोय. सकाळी गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की 'कुंईं' असा आवाज येतो, आणि परवा घाटातल्या वळणावर एकदम जड झालं, घामच फुटला.

मेकॅनिकने गाडी रॅम्पवरही घेतली नाही. मोबाइलचा टॉर्च मारला, रॅक ओला दिसला, "रॅक गेला साहेब" म्हणाला. नवा बसवायचे २६ हजार. दुसऱ्याने सल्ला दिला, गळती थांबवणारं औषध येतं, ते डबीत ओता. रॅकच गेलाय हे ठरवायचं कसं? आणि तोवर गाडी चालवावी का?

प्रतिसाद १

दादा, थेंब जिथून पडतो तिथूनच गळतं असं नाही. ऑइल पाइपवरून ओघळत येतं आणि सगळ्यात खाली असतो रॅक. तो ओला दिसणारच! आधी सगळा भाग डीग्रीझर मारून धुवा (बेल्टवर उडू देऊ नका), वाळू द्या, मग पाइपांचे जोड आणि पंप यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. कुणाला तरी इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन-चार वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही, तिथे दाब सगळ्यात जास्त असतो. मग इंजिन बंद करून बघा, पावडर पहिल्यांदा कुठे भिजली ते.

रॅकची खरी परीक्षा रबरी बुटात. दोन्ही टोकांना घडीघडीचे बूट असतात, त्यांची क्लिप सोडून बूट मागे सरकवा. आतून ऑइल ओघळलं तर रॅकच्या टोकाचं सील गेलं. बूट कोरडे, आणि वर स्टिअरिंगचा दांडा रॅकमध्ये शिरतो तिथलं सीलही कोरडं, तर २६ हजार खिशातच ठेवा. दोन गोष्टी मात्र पाळा: नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, आणि इंजिन चालू असताना प्रेशरच्या पाइपवर बोट फिरवून गळती शोधू नका. आत ७०-८० बारपर्यंत दाब जातो, बारीक धार कातडीत घुसते.

प्रतिसाद २

औषध म्हणजे सील फुगवायचं रसायन. रबर कडक झालं असेल तर काही दिवस निघतात, पाइप चिरला असेल तर उपयोग शून्य. ऑइल कुठलं ते डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, काहींना वेगळं हिरवं लागतं. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतणारे महाभाग पाहिलेत, त्यात सगळी सीलं जातात. आणि कृपा करून घाट बंद. डबी रिकामी झाली तर पंप जाईल, आणि तापलेल्या सायलेन्सरवर ऑइल पडलं तर पेट घेऊ शकतं.

प्रतिसाद ३

माझ्या गाडीत ही डबीच सापडत नाहीये, दोन वर्षांत एकदाही ऑइल भरलं नाही! काळजीचं आहे का?

प्रतिसाद २

@३, तुमचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक असणार, त्यात ऑइलच नसतं. निवांत झोपा.

धागाकर्ता

रविवारी मित्राच्या गॅरेजच्या पिटवर दोन तास घालवले. दोन्ही बूट कोरडे ठणठणीत, आत जुनं ग्रीस तेवढं. पावडर भिजली ती प्रेशरच्या पाइपवर, रबरी होज आणि लोखंडी नळी जिथे दाबून जोडलीय त्या क्रिम्पपाशी. नखाएवढी गुलाबी रेघ. तिथून ऑइल नळीवरून वीतभर खाली येऊन नेमकं रॅकच्या घरावर टपकत होतं. जेसीबीचे होज दाबून देणारा एकजण तोच पाइप पुन्हा क्रिम्प करून देतो म्हणाला, पण मी अख्खा पाइप नवा घेतला, ३,४०० रुपये. जोडाचे तांब्याचे वॉशरही नवेच टाकले. जुने परत वापरले की तिथून पाझरतं, हे मित्राने बजावलं होतं.

अजून एक शंका. चार दिवस फरशी कोरडी आहे, पण डबीत बारीक फेस दिसतो आणि सकाळी थोडं 'कुंईं' होतंच.

प्रतिसाद १

हवा राहिलीय. पुढची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग १५-२० वेळा सावकाश इकडून तिकडे फिरवा आणि मध्ये मध्ये डबी भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू. आणि बेल्टवर ऑइल पडलं होतं का ते बघा, पडलं असेल तर तो बदला. तो घसरला तरी असाच आवाज येतो.

धागाकर्ता

बेल्ट एका बाजूने चकाकतोय खरा. उद्या बदलतो, हवा पण काढतो, मग कळवतो.