‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ : घरच्या संगणकावर हे पान दिसलं तेव्हा काय केलंत?

आईचा डेस्कटॉप बराच जुना. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, “अगं, एकही साइट उघडत नाहीये, सगळीकडे लाल त्रिकोण!” मी विचारलं, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते? “१ जानेवारी २०१५.” तिथेच उलगडा झाला. प्रत्येक साइट आपली ओळख पटवायला ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं आणि ब्राउझर ते संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०१५ सालात असेल तर आजचं कुठलंच प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं.

तारीख दुरुस्त करून घेतली, साइट्स उघडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. आई रात्री भिंतीवरचं बटण बंद करते, म्हणजे वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा सेल संपलेला असणार. सुट्टीच्या दिवशी जाऊन झाकण काढलं. मदरबोर्डवर नाण्यासारखा चपटा सेल होता, वर ‘सीआर २०३२’ लिहिलेलं. बाजूची पत्र्याची खिट्टी नखाने मागे ओढली की तो टुणकन वर येतो. ३ व्होल्टचा सेल, मीटरवर २.१ दाखवत होता. नवा बसवला, तारीख लावली. त्यानंतर तक्रार नाही.

आईने त्या दिवशी इशारा डावलून साइट उघडणारं ‘तरीही पुढे जा’ दाबलं नाही, फोन केला, याचं मला फार बरं वाटलं. बरेच जण तेच दाबतात, आणि माझा त्यालाच विरोध आहे. तुमच्याकडे काय झालं, पानावर बारीक अक्षरांत कुठला कोड होता आणि दोष शेवटी कुठे सापडला, ते सविस्तर लिहा.

*

माझं घड्याळ अगदी बरोबर होतं, तरी ३० सप्टेंबर २०२१ नंतर अर्ध्याअधिक साइट्स बंद. जुना मॅक, त्याची सिस्टिम १०.११ या आवृत्तीवर थांबलेली. दोन दिवस राउटरच बंद-चालू करत बसलो. मग कळलं, साइट्सना फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची प्रमाणपत्रं ज्या मूळ प्रमाणपत्राच्या (ज्यावर यंत्र आधीपासून विश्वास ठेवतं त्या) भरवशावर जुन्या यंत्रांत चालत होती, त्या ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ची मुदत त्या दिवशी संपली. त्याच्या जागी आलेलं ‘आयएसआरजी रूट एक्स१’ माझ्या मॅकला माहीतच नव्हतं. फायरफॉक्स मूळ प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ ठेवतो, म्हणून त्या मॅकवर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती टाकली आणि साइट्स उघडल्या. बँकेचं काम मात्र त्या मॅकवर तेव्हापासून बंद केलं. सुरक्षेचे अपडेट मिळत नसलेल्या यंत्रावर पैशांचे व्यवहार नकोत.

*

माझं उलटं! क्रोममध्ये सगळं ठीक, फायरफॉक्समध्ये प्रत्येक साइटला ‘अननोन इश्यूअर’, म्हणजे प्रमाणपत्र देणारा अनोळखी. ‘प्रगत’ मध्ये जाऊन प्रमाणपत्र उघडलं, तर देणाऱ्याच्या जागी माझ्याच अँटिव्हायरसचं नाव. साइटशी चाललेलं बोलणं तपासण्यासाठी तो मध्ये बसतो आणि स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतो. विंडोजच्या यादीत त्याने स्वतःला घालून घेतलं होतं, फायरफॉक्सच्या यादीत घालायचं राहून गेलं होतं. अँटिव्हायरसच्या सेटिंगमधलं एचटीटीपीएस स्कॅनिंग (हीच मधली तपासणी) बंद केलं, काम झालं.

*

वरच्यांसारखंच, पण माझ्याकडे देणाऱ्याचं नाव कधी न ऐकलेलं. व्हिडिओ कन्व्हर्टर म्हणून फुकट उतरवलेल्या प्रोग्रॅमबरोबर जाहिराती घुसवणारं काहीतरी आलं होतं. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही हो. सर्टएमजीआर हे विंडोजमधलं प्रमाणपत्रांचं साधन उघडून विश्वासू मूळ प्रमाणपत्रांच्या यादीतून ते नाव वेगळं काढावं लागलं. सगळे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलले.

*

थोडं पलीकडच्या बाजूने. मी एका छोट्या संस्थेची साइट सांभाळते. “फोनवर उघडत नाही” अशी तक्रार आली. माझ्या संगणकावर तर व्यवस्थित दिसत होती. सर्व्हरवर मी फक्त आमचं प्रमाणपत्र ठेवलं होतं, त्याला मूळ प्रमाणपत्राशी जोडणारं मधलं ठेवायचं राहिलं होतं. काही ब्राउझर ते मधलं स्वतः शोधून आणतात, काही आणत नाहीत. म्हणून एकच साइट अडली आणि बाकी सगळ्या चालल्या, तर आपल्या संगणकाची मोडतोड करू नका, साइटवाल्यांना कळवा. प्रमाणपत्राची कमाल मुदत पूर्वी ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस असं ठरलं आहे. हाताने नूतनीकरण करणाऱ्यांच्या चुका वाढतील अशी मला भीती वाटते.

*

एक बारकावा. घड्याळ बरोबर दिसलं तरी टाइमझोन तपासा. माझा चुकला होता आणि काटे मी हाताने जुळवले होते, त्यामुळे आतून घड्याळ काही तास मागे. अडायच्या त्या फक्त त्याच दिवशी प्रमाणपत्र बदललेल्या साइट्स. महिनाभर छळलं याने.

*

आमच्याकडे घरातल्या सगळ्या यंत्रांवर फक्त बँकेच्या साइटला इशारा येत होता, ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’, म्हणजे प्रमाणपत्रावरचं नाव साइटच्या नावाशी जुळत नाही. फोनचा वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट नीट उघडली. म्हणजे संगणक बरा, बँक बरी, बिघाड मधे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर गेलो तर डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणाऱ्या सेवेचे) पत्ते कुणीतरी बदललेले. बँकेचं नाव टाकलं की भलत्याच सर्व्हरवर नेत होते. राउटरचा पासवर्ड आम्ही कधी बदललाच नव्हता, आला तोच होता. फॅक्टरी रीसेट, नवं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर), नवा पासवर्ड, असं सगळं एका रात्रीत केलं.

बाबा त्या पानावर ‘पुढे जा’ शोधत होते, त्यांना बिल भरायची घाई होती. ते बटण तिथे नव्हतंच. बँकेने एचएसटीएस (आमची साइट फक्त सुरक्षित कनेक्शननेच उघड, अशी ब्राउझरला दिलेली सूचना) लावलेलं होतं, आणि तसं असलं की ब्राउझर पुढे जायची वाटच ठेवत नाही. बाबांनी मला हाक मारली ती त्यामुळेच.