गीतारहस्य, ज्ञानेश्वरी की गीता प्रवचने? आधी काय वाचू?

बाबांच्या कपाटात ही तिन्ही पुस्तकं आहेत. आईचं दुखणं आता गंभीर आहे आणि तिला खरं सांगायचं की नाही, यावर आम्हा भावंडांचं एकमत होत नाही. रात्री तिच्याजवळ बसते तेव्हा तासभर वाचता येतं. गीतारहस्य दोनदा हातात घेतलं, दोन्ही वेळा विषयप्रवेशातच अडकले. काय करू?

प्रतिसाद 1
ज्ञानेश्वरी घ्या, पण पहिल्या अध्यायापासून नको. बारावा घ्या. 247च ओव्या आहेत आणि सगळा भक्तीचा. अर्थ बाजूला ठेवून आधी मोठ्याने वाचा, आईच्याही कानावर पडेल. माझ्या आजीला शेवटच्या दिवसांत तेवढंच हवं असायचं.

प्रतिसाद 2
ताई, तुमचा प्रश्न वाचून मी गीतारहस्यच सुचवेन. फक्त विषयप्रवेश सोडा आणि थेट दुसरं प्रकरण काढा, 'कर्मजिज्ञासा'. खरं बोलावं हा धर्म, मग आजाऱ्याला खरं ऐकून अपाय होणार असेल तर काय? टिळकांनी हाच पेच तिथे घेतला आहे. अशा वेळी खोटं बोलायला हरकत नाही, हे सिज्विक या इंग्रज पंडिताचं मत ते मांडतात. पण तिथे थांबत नाहीत. प्राण वाचवायला बोललेल्या खोट्यालाही आपल्या स्मृतींनी प्रायश्चित्त सांगितलंय, याची आठवण देतात. म्हणजे खोटं बोलावं लागलं तरी ते खोटंच, आणि त्याचा भार बोलणाऱ्याने उचलायचा. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, 1915 साली छापलेलं पुस्तक, पण माझ्या वडिलांच्या आजारपणात मला याच पानांनी आधार दिला. 'सांगू नका' असा निकाल ते देत नाहीत, विचार कुठून करायचा ते दाखवतात. पुढची तत्त्वज्ञानाची प्रकरणं आत्ता नाही वाचली तरी चालेल.

प्रतिसाद 3
थकलेल्या डोक्याला गीता प्रवचने सोपी जातील. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो उतरवून घेतला. बोलण्याचीच भाषा आहे, एका बैठकीत एक प्रवचन होतं.

धागाकर्ती
'कर्मजिज्ञासा' आज रात्रीच काढते आणि दादालाही त्यातली तेवढी पानं पाठवते. बारावा अध्याय उद्या सकाळी आईजवळ बसून वाचेन. बाबांनी त्याच्या पानांत पिंपळाचं पान ठेवलंय, आत्ताच दिसलं.